फ्लायव्हीलवरची खूण

माझ्या भाऊजींनी चाळीस वर्षांत कधी टायमिंग लाईट हातात धरला नव्हता, आणि ज्या दिवशी धरला त्या दिवशी मी खो खो हसलो. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते. म्हणून सुरुवात तिथूनच केलेली बरी.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. सगळा रस्ता त्यांना मिस्त्री म्हणतो. त्यांचं गॅरेज आणि माझं लेथचं दुकान यांच्यामध्ये एकच भिंत आहे, आणि त्या भिंतीला मी स्वतः एक खिडकी पाडली आहे. दिवसातून वीस वेळा वळसा घालून कोण जाणार? ते इंजिन खोलतात, त्यातलं जे झिजलंय, वाकलंय ते खिडकीतून माझ्याकडे येतं, मी ते लेथवर चढवून सरळ करतो आणि खिडकीतूनच परत देतो. माझ्या डोक्यावर पत्र्याची पाटी आहे, 'माप म्हणजे माप'. मायक्रॉन म्हणजे केसाच्या जाडीचा साठावा-सत्तरावा भाग, असं मी एकदा ऐटीत त्यांना समजावून सांगितलं, तेव्हापासून त्यांनी माझं नावच मायक्रॉन ठेवलं. जेवायला हाक मारायची तरी, "मायक्रॉन, ताट वाढलंय. दोन मायक्रॉन उशीर केलास तर तुझी ताई उचलून ठेवेल."

त्यांची खरी ख्याती टायमिंगची. पेट्रोलच्या इंजिनात पिस्टन वर चढत असतो आणि तो माथ्यावर पोचायच्या जरा आधी प्लगमध्ये ठिणगी पडावी लागते. किती आधी, त्यात सगळी मेख आहे. पोराला झोका देताना झोका पुरता मागे यायच्या आधीच हात पुढे केला तर आपल्याच मनगटाला हिसका बसतो, तसं इंजिनाचं होतं. ठिणगी फार लवकर पडली की चढावर आतून बारीक किणकिण येते, खिशात चिल्लर हलवल्यासारखी. उशिरा पडली की गाडी मरगळते. बाकीचे मिस्त्री ठिणगीबरोबर लुकलुकणारा लाईट लावून, इंजिनाच्या फिरत्या चाकावरच्या खुणा बघून टायमिंग बसवतात. भाऊजी ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचा नट सैल करायचे, चढावर गाडी घालायचे, चिल्लर वाजेपर्यंत ठिणगी पुढे न्यायचे आणि मग केसभर मागे. बस. नंतर कोणी लाईट लावून पाहिलं तर खूण जागच्या जागी.

तर एक ट्रक आला. म्हाताऱ्या उस्तादांचा. उस्ताद म्हणजे आमच्या भागातला सगळ्यात जुना ड्रायव्हर. त्यांनी तारुण्यात ज्या ट्रकवर हात साफ केला, तोच ट्रक त्यांना एका गोदामाच्या मागे, झाडं उगवलेल्या अवस्थेत सापडला. गोल नाकाचा, सहा सिलेंडरचा, आमच्या सगळ्यांपेक्षा वयाने मोठा. तो त्यांनी ओढत भाऊजींच्या दारात आणला आणि म्हणाले, "मिस्त्री, माझं लायसन या महिनाअखेरच्या शनिवारपर्यंत आहे. पुढे डोळ्यांची तपासणी आहे, ती काय मी पास होत नाही. तोवर मला ही टाकीच्या चढावर एकदा स्वतः चालवायची आहे. एकदाच."

भाऊजींनी शब्द दिला. चार महिने ते त्या इंजिनात बुडालेले होते. बेअरिंगं, पिस्टन, व्हॉल्व्ह, सगळं नवं किंवा नव्यासारखं. आणि शेवटच्या आठवड्याच्या सोमवारी मी खिडकीतून डोकावलो तर हे गृहस्थ हातात पिस्तुलासारखा टायमिंग लाईट धरून फ्लायव्हीलच्या झरोक्यात बघतायत.

"काय भाऊजी," मी म्हणालो, "म्हातारपणी शाळेत नाव घातलं वाटतं?" आणि हसलो. ते हसले नाहीत. आपण विनोद केला आणि समोरच्याला तो लागला, हे कळायलाही मला वेळ लागतो, तसा मी जाड कातडीचा आहे.

दुपारी ताईने मला बाजूला घेतलं. "त्यांना चिडवू नकोस. गेल्या महिन्यात डॉक्टरकडे जाऊन आलो. उजवा कान जवळजवळ गेलाय, डावाही जायच्या वाटेवर आहे. बारीक आवाज आधी जातात म्हणे. कुकरची शिट्टी त्यांना येत नाही. फोन वाजतो तो मी सांगते."

"मग बोलले का नाहीत?"

"काय बोलणार? कानावर तर पोट आहे." ती पदराशी चाळा करत राहिली. "मला म्हणाले, हा ट्रक नीट झाला तर पुढचं बघू. नाही झाला तर शटर ओढायचं. चुकीचं काम करून कोणाला रस्त्यावर पाठवायचं नाही."

मी लहान होतो तेव्हा या माणसाने मला लेथवर उभं केलं होतं. कान गेलेला मिस्त्री ही कल्पनाच मला करवेना.

आता माझ्या पापाकडे येतो. इंजिनाच्या मागे फ्लायव्हील म्हणून एक जाड लोखंडी चाक असतं. त्याच्या कडेवर दात्यांचं कडं घट्ट बसवलेलं असतं, स्टार्टर त्या दात्यांना धरून इंजिन फिरवतो. कडं एका बाजूने झिजलं की ते तापवून काढायचं, उलटं करायचं आणि गरम असतानाच पुन्हा चढवायचं. न झिजलेली बाजू पुढे येते. आमच्या धंद्यातली ही जुनी युक्ती. या ट्रकचं चाकही दोन महिन्यांपूर्वी खिडकीतून माझ्याकडे आलं होतं. त्याच्या पाठीवर पंचने मारलेला एक ठिपका होता. टायमिंगची खूण ती, एवढी एकच. ती कड्याच्या एका तुटक्या दाताच्या बरोबर समोर आहे, हे मी काम हातात घेतानाच मनात टिपून ठेवलं. मग कडं तापवलं, काढलं, उलटलं, चढवलं. गरम लोखंड हातात असताना कोणी दाते मोजत बसत नाही, साधारण होतं तसंच ठेवलं. क्लचची बाजू लेथवर साफ केली. इतकं झाल्यावर पाठही चकचकीत करावी असं मला वाटलं. कोणी सांगितलं नव्हतं. नुसती हौस. त्या हौसेत ठिपका पुसला गेला.

पुसला गेला म्हणून मी घाबरलो का? मुळीच नाही. मला आठवत होतं ना, तुटक्या दाताच्या समोर! पंच घेतला, तुटक्या दाताच्या समोर नवा ठिपका मारला, जुन्यापेक्षा सुबक, आणि चाक खिडकीतून देऊन टाकलं. सांगितलं काहीच नाही. आपण होऊन आपली चूक सांगायची सवय मला नव्हती, आणि यात चूक आहे असं मला वाटलंही नव्हतं.

सोमवारी संध्याकाळी, ऊन कलायच्या आत, भाऊजी आणि मी ट्रक घेऊन टाकीच्या चढाकडे निघालो. गावाबाहेर पाण्याची उंच टाकी आहे, तिच्याकडे जाणारा रस्ता सरळ अंगावर येतो. पहिल्या वळणापर्यंत ट्रक झकास चालला. भाऊजींचा चेहरा मी बऱ्याच दिवसांनी असा मोकळा पाहिला. वळण घेऊन त्यांनी वरच्या गियरमध्येच ट्रक चढाला घातला, पेडल दाबलं, आणि पत्र्याखालून ती किणकिण सुरू झाली. स्पष्ट. मूठभर नाणी कोणीतरी डब्यात हलवतंय अशी.

भाऊजींनी मान तिरकी केली, डावा कान पुढे आणला. एवढ्या वर्षांची सवय. मग माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "मायक्रॉन, चिल्लर वाजतेय का?"

त्यांनी दुसऱ्याला हा प्रश्न विचारलेला मी जन्मात ऐकला नव्हता.

आता काय सांगू? त्या क्षणी मला तो ठिपका डोळ्यांसमोर दिसला. लाईट सांगतो की ठिणगी खुणेवर पडतेय. तरी चिल्लर वाजतेय. म्हणजे खूणच खोटी. आणि खूण माझी. हे सगळं एका श्वासात माझ्या डोक्यातून गेलं आणि तोंडातून निघालं, "नाही."

"नक्की?"

"काही नाही वाजत. लोण्यासारखी चाललीय."

त्यांनी मान हलवली. "मग बरोबर आहे," म्हणाले, आणि खिशातल्या रुमालाने तोंड पुसलं. मी बाहेर बघत राहिलो. मनात म्हटलं, एवढ्याने काय होतंय, शनिवारी एकदा चालवायची आहे, मग ट्रक शोभेलाच उभा राहणार. उद्या सवडीने बघू.

दुसऱ्या दिवशी सकाळीच उस्ताद आले. अंगात इस्त्रीचा सदरा, दाढी गुळगुळीत. ट्रकला हात लावून एक चक्कर मारली आणि हट्टच धरला, स्टार्टरने नाही, समोरून हँडल मारूनच चालू करायची. पूर्वी तशीच करायचो म्हणे. त्यांनी हँडल उचललंही. भाऊजींनी ते हातातून काढून घेतलं. "आधी मी मारतो. मग तुम्ही."

त्यांनी शिस्तीत उभं राहून, अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवून हँडल धरलं. नवख्या माणसाला ते पहिली गोष्ट हीच शिकवायचे. एकदा फिरवलं, दोनदा फिरवलं. तिसऱ्यांदा ठिणगी वेळेआधी पडली, इंजिन उलटं फिरलं, हँडल त्यांच्या पकडीतून सुटलं आणि उलट्या दिशेने गरकन येऊन मनगटावर बसलं. आवाज मी खिडकीच्या या बाजूला ऐकला. तो बारीक नव्हता.

ताई धावत आली तेव्हा ते खाली बसले होते, उजवा हात मांडीवर घेऊन. कळवळत होते, पण ओरडत नव्हते. "उस्तादांना लागलं नाही ना?" एवढंच विचारलं. मनगटाची दोन्ही हाडं मोडली होती. कोपरापर्यंत प्लास्टर. सहा आठवडे.

मी त्यांना घेऊन गेलो, मीच परत आणलं, औषधंही मीच आणली. पळापळ करायला मी सगळ्यात पुढे. ताई म्हणाली, "तू होतास म्हणून." मला वाटलं धरणी पोटात घेईल तर बरं.

बुधवारी सकाळी भाऊजी गळ्यात हात अडकवून गॅरेजमध्ये हजर. झोप नाही, डोळे लाल. हँडल उलटं मारतं म्हणजे ठिणगी लवकर, हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. पण डाव्या हातात लाईट धरून बघितलं की ठिपका बरोबर झरोक्यातल्या काट्यासमोर स्थिर. मग त्यांनी डिस्ट्रिब्युटर काढला. डाव्या हाताने स्क्रू निसटत होते, ताई गुडघ्यांवर बसून ते शोधून देत होती. आतले पॉइंट बदलले, कंडेन्सर बदलला, वेगाबरोबर ठिणगी पुढे नेणारी बारकी वजनं आणि त्यांच्या स्प्रिंगा धुऊन पुन्हा बसवल्या. एक स्प्रिंग बसवायला त्यांना पाऊण तास लागला. पूर्वी ते हे काम बोलता बोलता करायचे. सगळं जोडून लाईट लावला. ठिपका जागेवर. स्टार्टर मारला, तर तो अडखळत, गचके खात फिरला. फळीवरून जुना दुसरा डिस्ट्रिब्युटर काढून तो लावला. पुन्हा तेच.

इंजिन चालू असताना त्यांनी डावा तळहात त्याच्या अंगावर टेकला आणि डोळे मिटले. बराच वेळ तसेच उभे होते. मग मला खिडकीतून हाक मारली.

"मायक्रॉन, इकडे ये. हे बघ. माझा हात म्हणतो, टायमिंग मागे घे. लवकर आहे. खूण म्हणते बरोबर आहे. आणि तुझे कान म्हणतात चिल्लर नाही. तीन साक्षीदार, त्यातले दोन एका बाजूला. मग खोटं कोण बोलतंय?"

मी फडक्याने हात पुसत राहिलो.

"तू नीट ऐकलं होतंस ना, चढावर?"

"ऐकलं की." हे दुसऱ्यांदा.

"मग माझा हातच खोटा," ते म्हणाले. "कान गेले तेव्हा मला वाटलं होतं, हात तरी आहेत."

माझ्या जागी दुसरा कोणी असता तर मी त्याची कॉलर धरली असती. रागीट माणूस म्हणून मी प्रसिद्ध आहे, एकदा गिऱ्हाइकाच्या अंगावर हातोडी घेऊन गेलो होतो, कारण काय तर त्याने माझ्या मापावर शंका घेतली. तोच मी, मान खाली घालून आपल्या दुकानात परत आलो. तिथे दुसऱ्या कोणाचं तरी फ्लायव्हील पडलं होतं, कडं उलटायला. गॅसची मशाल पेटवून ते तापवायला घेतलं. कडं फुगलं, चिमट्याने उचललं, उलटं केलं, आणि चढवता चढवता माझी नजर त्याच्या दात्यांवर गेली. कडं फिरतं! उलटताना आपणच ते फिरवतो. तुटका दात ज्या जागी होता त्या जागी तो राहिलाच नाही. मी वेगळ्या जागी सरकलेल्या दातासमोर नेम धरून ठिपका मारला होता. आठवून आठवून हिशेब मांडला. चार-पाच दाते तरी सरकला असणार. म्हणजे ठिणगी तेवढी लवकर. हात मोडायला पुरेशी.

आधी नुसता संशय होता, आता शंका उरली नाही. तरीही मी गेलो नाही. काय काय विचार केले, ते लिहायलाही ओशाळं वाटतं. गुपचूप जाऊन ठिपका पुसावा. चाक पुन्हा तपासायला मागवावं आणि काहीतरी कारण सांगून खूण बदलावी. पण चाक इंजिनावर बसलेलं, ते काढायचं तर गियरबॉक्स उतरवावा लागणार. 'माप म्हणजे माप' या पाटीखाली बसून मी बुधवारचा दिवस घालवला, गुरुवारचाही.

गुरुवारी दुपारी ताई माझ्या दुकानात आली. खिडकीतून नाही, रस्त्यावरून वळसा घालून. स्टुलावर बसली.

"त्यांनी उस्तादांना सांगितलं, ट्रक ओढून घेऊन जा. दुसरा मिस्त्री बघा."

"उस्ताद काय म्हणाले?"

"काय म्हणणार! दोन दिवसांत कुठला दुसरा मिस्त्री? म्हणाले, राहू दे, नशिबात नव्हतं. आणि वरून यांचीच समजूत घालत बसले." ताईचा आवाज फाटला. "काल सकाळपासून जेवले नाहीत. पाने पुसून पुसून डब्यात भरतायत. म्हणतात, मला स्वतःलाच कळेनासं झालंय, मग मी दुसऱ्याच्या गाडीला हात लावू कसा? उस्तादांच्या हातात हँडल असतं तर त्या म्हाताऱ्याचं काय झालं असतं, हेच एक चाललंय. मला भीती वाटते रे. हा माणूस काम सोडून घरात बसला तर वर्षभर टिकायचा नाही."

मी लेथकडे बघत होतो.

"तू समजाव ना त्यांना," ती म्हणाली. "तुझं ऐकतात ते."

यापेक्षा तिने मला दोन थोबाडीत दिल्या असत्या तर चाललं असतं.

शुक्रवारी सकाळी मी गेलो. धैर्य वगैरे काही आलं नव्हतं. ताईचं 'तुझं ऐकतात ते' रात्रभर कानात घुमत राहिलं, म्हणून गेलो. गॅरेजमध्ये ट्रक उभा, पुढे ओढायचा दोर बांधलेला. भाऊजी बाकावर बसून पान्यांच्या डब्याला कुलूप लावायच्या खटपटीत होते. एका हाताने ते लागत नव्हतं. ताई कोपऱ्यात फडकी गोळा करत होती.

"भाऊजी, खूण खोटी आहे," मी म्हणालो.

त्यांना ऐकू गेलं नाही. मला वाटलं, देव दुसऱ्यांदा म्हणायला लावतोय. त्यांच्या समोर जाऊन, खाली बसून, मोठ्याने म्हणालो, "फ्लायव्हीलवरची खूण खोटी आहे. ती मी मारली. जुनी माझ्याकडून पुसली गेली."

मग सगळं सांगितलं. तुटका दात, उलटलेलं कडं, चकचकीत करायची हौस. ते माझ्या ओठांकडे बघत ऐकत होते. मधे एकदाही त्यांनी थांबवलं नाही. मी थांबलो तरी ते बघतच होते.

"चढावर वाजत होती?" त्यांनी विचारलं.

"वाजत होती."

"कुठून?"

"पहिल्या वळणापासून. टाकीपर्यंत."

"आणि बुधवारी मी पुन्हा विचारलं."

"हो."

ताईच्या हातातली फडकी खाली पडली. "त्यांनी तुला दोनदा विचारलं," ती म्हणाली. "दोनदा." आणि तोंडाला पदर लावून बाहेर निघून गेली. सख्खी बहीण, पण पुढे महिनाभर तिने माझ्याकडे मान वर करून पाहिलं नाही.

भाऊजी चिडतील, अंगावर येतील, याची मी तयारी करून गेलो होतो. मला तेच हवं होतं. त्यांनी डावा तळहात उलटा केला आणि त्याच्याकडे बघत बसले. हळूहळू त्यांचे डोळे भरले.

"म्हणजे हात बरोबर सांगत होता," ते म्हणाले.

"हो, भाऊजी."

"हात बरोबर होता माझा." हे त्यांनी मला नाही सांगितलं. मग डबा पायाने पुढे सरकवून उठले. "दोर सोड तो. आणि उस्तादांना बोलावून आण."

"उस्ताद कशाला? टायमिंग तर आपण दोघं..."

"बोलावून आण म्हटलं ना."

उस्ताद आले. भाऊजींनी त्यांना साक्षीला बॉनेटपाशी उभं केलं, इंजिन चालू केलं, लाईटला हातही लावला नाही. डिस्ट्रिब्युटरचा नट मी सैल करावा, ते म्हणतील तसा डिस्ट्रिब्युटर फिरवावा, सांगतील तेव्हा नट आवळावा, एवढंच काम माझ्याकडे दिलं. डावा तळहात इंजिनावर ठेवून त्यांनी माझ्याकडून ठिणगी मागे घेत आणली. आधीचा गचका जाऊन इंजिन एकसुरी झालं, तेव्हा त्यांचा चेहरा बदललेला मी पाहिला. ते ऐकू येण्यासारखं नव्हतं, हातालाच कळणारं होतं. "आवळ," म्हणाले. मी आवळला. मग इंजिन बंद करून प्लास्टरचा हात गळ्यात तसाच ठेवून ते ट्रकसमोर गेले आणि डाव्या हाताने हँडल धरलं. मी ओरडलो. त्यांनी लक्ष दिलं नाही. एकाच फेऱ्यात इंजिन चालू झालं आणि हँडल मुकाट सुटून आलं.

शनिवारी सकाळी आम्ही तिघे निघालो. उस्ताद स्टिअरिंगवर, मधे भाऊजी, कडेला मी. ताई दारात उभी होती, तिने आम्हा तिघांतल्या दोघांनाच हात केला. उस्तादांना लांबची पाटी वाचता येत नव्हती, पण रस्ता त्यांच्या अंगात होता, आणि जिथे नव्हता तिथे भाऊजी "डावीकडे सायकल", "पुढे खड्डा" असं सांगत होते. म्हातारा लग्नातल्या नवरदेवासारखा ताठ बसला होता. पहिलं वळण आलं. त्यांनी वरच्या गियरमध्येच ट्रक चढाला घातला आणि पेडल दाबलं.

मी श्वास रोखून ऐकत होतो. जन्मात इतकं कान देऊन मी काही ऐकलं नव्हतं. नुसता इंजिनाचा भरीव आवाज होता. नाणं एक वाजत नव्हतं. ट्रक चढ खात वर निघाला होता आणि टाकी समोर मोठी मोठी होत होती.

भाऊजींनी मान तिरकी केली. माझ्याकडे वळून विचारलं, "चिल्लर वाजतेय का?"

"नाही, भाऊजी," मी म्हणालो. "अजिबात नाही."

त्यांनी माझ्या तोंडाकडे क्षणभर पाहिलं, मान हलवली. मग दुसऱ्या बाजूला वळून, उस्तादांच्या जवळ वाकून त्यांनी तोच प्रश्न विचारला.